इंजिनाच्या मागे बसणारी माणसं

साधारण १९५४ ते १९७१ या काळात अमेरिकेत उभ्या जागेवरून सर्वांत जोरात सुटणाऱ्या गाडीचा चालक इंजिनाच्याच नव्हे, मागच्या चाकांच्याही मागे बसत असे. दोन मांड्यांच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा, पाय अ‍ॅक्सलवरून पुढे सोडलेले आणि नजरेसमोर इंजिन, पुढच्या काळात तर हजाराहून जास्त अश्वशक्तीचं. ते फुटलं तर तुकडे अंगावर, पेटलं तर जाळ तोंडावर, आणि नुसतं गळलं तरी उकळतं तेल गॉगलवर. हे तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. तरीही त्या जागेसाठी माणसं नोकऱ्या सोडत होती, घरची पुंजी मोडत होती आणि देशभर ट्रेलर ओढत फिरत होती.

ड्रॅग रेस विदर्भातल्या वाचकाला फार समजावून सांगावी लागणार नाही. शंकरपटात बैलजोड्या सरळ रेषेत सुटतात आणि सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो, तसंच हे. वळण नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, एकदम सुटतात आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, आधी कापणारी जिंकते. हरणारा सामान आवरून घरी जातो.

या खेळाचं मूळ लॉस एंजलिसच्या उत्तरेकडच्या मोहावी वाळवंटात आहे. म्युरॉक, एल मिराज ही तिथली कोरडी तळी. पाऊस पडला की थोडं पाणी, एरवी मैलोन्‌मैल सपाट, टणक माती. १९२०-३०च्या दशकांत तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन तिथे जायची. मडगार्ड, टप, काच, जे जे काढता येईल ते काढून टाकायची आणि गाडी पळते किती ते पाहायची. फोर्डने १९३२ साली आठ सिलिंडरचं ६५ अश्वशक्तीचं इंजिन साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत बसवलं आणि या पोरांना हवं ते खेळणं मिळालं. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. बायका त्यात जवळजवळ नव्हत्याच, पण वेडा ऑर ही अपवाद होती. ती नवऱ्याबरोबर तळ्यावर जायची आणि स्वतः गाडी पळवायची. पुढे महायुद्धात पोरं आघाडीवर गेली, तेव्हा शर्यतींच्या बातम्यांचं पत्रक काढून ते सैन्यातल्या गड्यांना पाठवण्याचं कामही तिनेच केलं.

युद्धाने म्युरॉकचं तळं नेलं. तिथे लष्कराचा विमानतळ उभा राहिला, तोच आजचा एडवर्ड्स तळ. पण जाताजाता युद्धाने बरंच काही देऊनही टाकलं. लॉस एंजलिसच्या परिसरातल्या विमानांच्या कारखान्यांत आणि सैन्याच्या वर्कशॉपांत हजारो तरुण वेल्डिंग, लेथ आणि इंजिनाची कामं शिकले. लढाऊ विमानांच्या पंखांखाली लावायच्या जादा इंधनाच्या टाक्या भंगारात निघाल्या. बिल बर्क नावाच्या माणसाने तसली टाकी घेऊन १९४६ साली तिची गाडीच बनवली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गावोगावी लष्करी धावपट्ट्या रिकाम्या पडल्या. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमची जुनी धावपट्टी पुढे मोटारशर्यतींसाठी गाजली. सपाट, लांब आणि बेवारशी सिमेंट जगभरच्या मोटारवेड्यांना सारखंच भुरळ घालतं.

कोरडी तळी मात्र दूर होती. शनिवारी रात्री हाताशी असायचे ते शहरातले रस्ते. सिग्नलला दोन गाड्या शेजारी थांबल्या, इंजिनं गुरगुरली, हिरवा दिवा लागला की सुटल्या. अपघात व्हायचे, माणसं मरायची, आणि वर्तमानपत्रांच्या लेखी ‘हॉट रॉड’वाला म्हणजे गुंड ठरला. असल्या गाड्यांवर बंदीच घाला अशी ओरड सुरू झाली.

ही ओरड गांभीर्याने घेणारा माणूस म्हणजे वॉली पार्क्स. तळ्यांवरच्या संघटनेत तो मुरलेला होता. रॉबर्ट पीटरसनने जानेवारी १९४८मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी पार्क्स त्याचा संपादक झाला. पोरं शर्यत लावणारच, तेव्हा त्यांना जागा द्या, नियम द्या आणि पोलिसांना बरोबर घ्या, असं त्याचं सरळ गणित होतं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत जास्त परिणाम घडवणारा माणूस हाच. १९५१ साली त्याने नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए, काढली. सुरक्षेला वाहिलेली संघटना असं ती स्वतःला म्हणवून घेई. त्या वेळी लोक त्यावर हसले असतील तर नवल नाही.

पार्क्स संघटना बांधत होता तोवर शर्यतींनी आपली वाट शोधलीच होती. १९४९मध्ये सांता बार्बराजवळच्या गोलेटा इथे फ्रॅन हर्नांडेझ आणि टॉम कॉब्ज यांची गाजलेली लढत झाली. पैजेवरून ठरलेली, पण रीतसर लावलेली ही शर्यत हर्नांडेझने जिंकली. बरेच जण तिलाच पहिली ड्रॅग रेस मानतात. दुसऱ्या वर्षी, १९५०मध्ये, सी. जे. हार्ट या पेट्रोल पंपवाल्याने दोन भागीदारांसह सांता अ‍ॅनाच्या विमानतळावरची वापरात नसलेली धावपट्टी मिळवली आणि दर रविवारी ५० सेंट घेऊन तिकीटबारी उघडली. त्याची बायको पेगी स्वतः शर्यतीत उतरायची आणि पुष्कळ पुरुषांना हरवायची. पाव मैलच का, याच्या बऱ्याच कथा सांगतात. धावपट्टीवर पळायलाही जागा हवी आणि थांबायलाही, हे त्यातलं मला सर्वांत व्यवहारी कारण वाटतं.

एप्रिल १९५३मध्ये पोमोनाच्या जत्रेच्या मैदानातल्या पार्किंगच्या जागेवर एनएचआरएने आपली पहिली अधिकृत शर्यत घेतली, तीही तिथल्या पोलीसप्रमुखांच्या पाठिंब्याने. पुढच्या वर्षी स्टेशन वॅगनमागे ट्रेलर जोडून चार माणसं देशभर निघाली. ट्रेलरमध्ये वेळ मोजायची यंत्रं, लाउडस्पीकर आणि टेलिफोनच्या तारा. गावात जायचं, स्थानिक क्लबाला आणि पोलिसांना एकत्र बसवायचं, शर्यत कशी भरवतात ते करून दाखवायचं आणि पुढच्या गावी निघायचं. या फिरत्या पथकाला ड्रॅग सफारी म्हणत. त्यातल्या एरिक रिकमनने काढलेली छायाचित्रं आज त्या काळाचा मोठा पुरावा आहेत. त्यात शर्ट-पँटीत, उघड्या डोक्याने गाडीशेजारी उभी असलेली पोरं दिसतात. मागे मका किंवा कुरण आणि मध्ये धावपट्टी. १९५५ साली कॅन्ससमधल्या ग्रेट बेंडच्या जुन्या बॉम्बर तळावर पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. ती पावसात वाहून गेली आणि नोव्हेंबरात अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला जाऊन पुरी झाली. कॅल्विन राइस जिंकला.

आता गाडीकडे वळू. सांता अ‍ॅनाला डिक क्राफ्टने जुन्या फोर्डचं कातडंच सोलून काढलं होतं. त्याच्या ‘बग’ला दोन लोखंडी रूळ, इंजिन, चाकं आणि एक बैठक, एवढंच अंग होतं. वजन कमी झालं, पण दुसरीच अडचण पुढे आली. इंजिनाची ताकद रस्त्याला पोचवायची तर मागची चाकं जमिनीला घट्ट दाबलेली हवीत, नाहीतर ती जागच्या जागी गरगरतात. १९५४च्या सुमारास मिकी थॉम्पसनने यावर सोपा उपाय काढला. इंजिन जमेल तितकं मागे सरकवायचं आणि चालकाला मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे बसवायचं. माणसाचं वजनही चाकांवर दाब द्यायला कामी आलं. या रचनेला स्लिंगशॉट, म्हणजे गलोल, हे नाव पडलं आणि दोन-तीन वर्षांत सगळीकडे तीच दिसू लागली. थॉम्पसन स्वतः स्वस्थ बसणारा नव्हता. १९५५मध्ये विल्मिंग्टनला लायन्स ड्रॅग स्ट्रिप उघडली तेव्हा तो तिचा व्यवस्थापक झाला, आणि १९६०मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर चार इंजिनांची गाडी घेऊन त्याने ताशी ४०६ मैलांचा पल्ला गाठला.

ताकदही अशीच टाकाऊतून आली. क्रायस्लरने १९५१मध्ये आपल्या मोठ्या गाड्यांसाठी अर्धगोलाकार दहन-कक्षांचं ‘हेमी’ इंजिन काढलं होतं. ते जुन्या गाड्यांच्या भंगारात मिळू लागलं. ट्रक आणि बसच्या जीएमसी डिझेल इंजिनांवर हवा भरायला लावलेला ब्लोअर काढून तो हेमीच्या डोक्यावर बसवला. त्यात पेट्रोलऐवजी नायट्रोमिथेन ओतलं. कोणत्याही इंजिनाला किती हवा मिळते यावर तिथे किती इंधन जळेल हे ठरतं. नायट्रोमिथेन मात्र स्वतःच्या पोटातच ऑक्सिजन घेऊन येतं. त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी पट इंधन जाळता येतं आणि ताकद दुपटीच्या वर जाते. तसंच जरा चुकलं की पिस्टनला भोक पडतं, नाहीतर सगळा ब्लोअर आभाळात उडतो.

शर्यतीला निघालेला स्लिंगशॉट जवळून पाहायला हवा. त्याला स्टार्टर नसे, बॅटरी नसे. मागून एखादी स्टेशन वॅगन किंवा पिकअप येऊन टेकायची आणि ढकलू लागायची. चाकं फिरली की तेलाचा दाब चढायचा, चालक मॅग्नेटोचं बटण टाकायचा, आणि आठही नळकांड्यांतून पिवळ्या ज्वाळा भसकन बाहेर यायच्या. नायट्रोच्या धुराने कडेला उभ्या असलेल्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. मग वळून रेषेवर यायचं. सुरुवातीला झेंडेवाला हवेत उडी मारून झेंडा फिरवायचा. १९६३पासून दिव्यांचा खांब आला, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात. झेंडा खाली आला की मागची दोन्ही चाकं धूर सोडू लागायची आणि तो धूर पाव मैल संपेपर्यंत थांबायचा नाही. रबर अर्धं जाळूनच गाडी पुढे जात असे. ब्रेक फक्त मागच्या चाकांना, तोही हातात. वेग वाढला तसे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पॅराशूट आले.

फेब्रुवारी १९५७मध्ये एमरी कुकने लायन्सवर ताशी १६६.९७ मैल, म्हणजे जवळपास २६९ किलोमीटरचा वेग गाठला. पट्ट्या चालवणारे घाबरले. थांबायला जागा पुरणार नाही, खर्च हाताबाहेर जाईल, शिवाय विम्याचं काय? त्यांनी नायट्रोवर बंदी आणली आणि एनएचआरएनेही ती उचलून धरली. १९६३पर्यंत, म्हणजे सहा वर्षं, संघटनेच्या शर्यतींत साधं पेट्रोलच चाललं. हेतू चांगला होता. पण वेगाची भूक काही नियमाने शमली नाही. पेट्रोलवाल्यांनी एकाऐवजी दोन इंजिनं बसवली. टीव्ही-सिनेमातला नट टॉमी आयव्हो याने तर १९६१मध्ये चार ब्युइक इंजिनं एकाच सांगाड्यावर चढवली आणि चारही चाकांतून धूर काढला. एनएचआरएने ती गाडी स्पर्धेत घेतलीच नाही, फक्त प्रदर्शनात पळवू दिली. टीव्हीच्या कराराने आयव्होला काही काळ तीत बसायचीच मनाई केली, तेव्हा दुसऱ्यांनी ती चालवली. आणि ज्यांना नायट्रोच हवं होतं त्यांनी संघटनेबाहेरच्या पट्ट्या धरल्या. मार्च १९५९मध्ये स्मोकर्स नावाच्या क्लबाने बेकर्सफील्डजवळ फमोसोच्या धावपट्टीवर नायट्रोवाल्यांची मोठी शर्यत भरवली. आर्ट क्रिस्मन जिंकला. त्या बंदीने नायट्रो संपलं नाही. फक्त त्याचा पत्ता बदलला.

त्याच बेकर्सफील्डला फ्लॉरिडातून एक पाहुणा आला होता. डॉन गार्लिट्स, टॅम्पाचा, वय २७. नोव्हेंबर १९५७मध्ये ब्रुक्सव्हिलला त्याने ताशी १७६.४० मैलांचा वेग नोंदवला होता आणि कॅलिफोर्नियातल्या कोणालाही तो खरा वाटला नव्हता. तिकडची घड्याळंच बिघडलेली असणार, असं हे लोक म्हणायचे. बेकर्सफील्डला प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि तो तिथे जिंकलाही नाही. त्याच्या गाडीचं ‘स्वॉम्प रॅट’, म्हणजे दलदलीतला उंदीर, हे नावही अशाच हिणवण्यातून आलेलं. त्याने ते सगळ्या गाड्यांना क्रमांकासह लावलं. त्याच वर्षी साउथ कॅरोलिनात चेस्टरच्या पट्टीवर त्याचा ब्लोअर फुटला आणि दोन्ही हात भाजले. बरं होईपर्यंत त्याची गाडी आर्ट मलोनने चालवली. १ ऑगस्ट १९६४ला न्यू जर्सीत गार्लिट्सने ताशी २०१.३४ मैल, म्हणजे ३२४ किलोमीटर गाठले. दोनशेच्या वरचे दावे त्याआधीही झाले होते, पण अधिकृत नोंद म्हणून मान मिळाला तो या धावेला.

साठचं दशक हा स्लिंगशॉटच्या भराचा काळ होता. टॉम ग्रीअर, इंजिनवाला कीथ ब्लॅक आणि तरुण डॉन प्रुधोम यांची गाडी लढतींमागून लढती जिंकत होती. सांता मोनिकाकडच्या तीन पोरांची ‘सर्फर्स’ ही टीम तर जवळजवळ निव्वळ नायट्रोमिथेन टाकीत भरायची, जे जाणत्यांना वेडेपणा वाटे. त्यांनी १९६६ची बेकर्सफील्ड जिंकली. मोठं वर्कशॉप नाही, श्रीमंत मालक नाही, तिघंच मिळून सगळं करणारे. या काळाचा आत्मा कुठे शोधायचा तर मी या तिघांत शोधेन.

त्यांचा चालक माइक सोरोकिन डिसेंबर १९६७मध्ये गेला. तेव्हा तो दुसऱ्या टीमची गाडी चालवत होता. क्लच फुटला आणि गाडी दुभंगली. १९६९मध्ये इंडियानापोलिसला जॉन मलिगन या चालकाच्या गाडीचा क्लच फुटून आग लागली, आणि काही आठवड्यांनी तोही गेला. या मृत्यूंमागे नुसतं नशीब नव्हतं. टायर सुधारले होते, जमीन धरू लागले होते. पूर्वी जास्तीची ताकद चाकं गरगरून धुरात निघून जायची, आता तिला तशी वाट राहिली नव्हती. तो सगळा ताण क्लचवर आणि गिअरबॉक्सवर येऊ लागला, आणि हे दोन्ही अवयव चालकाच्या पायांपाशीच होते.

८ मार्च १९७०. लायन्स ड्रॅग स्ट्रिप, अंतिम फेरी. गार्लिट्सच्या तेराव्या स्वॉम्प रॅटमध्ये त्याने स्वतः बनवून घेतलेला दोन गिअरचा बॉक्स होता. सुटायच्या रेषेवरच तो फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले, गार्लिट्सच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला, आणि उडालेल्या तुकड्यांनी एक प्रेक्षकही जबर जखमी झाला. त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे की दवाखान्यात पडल्यापडल्याच तो कागदावर नव्या गाडीची चित्रं काढू लागला: माणूस पुढे, इंजिन मागे.

ही कल्पना त्याची पहिली नव्हती. मागे इंजिन असलेले ड्रॅगस्टर आधीही बनले होते, पण ते सरळ जात नसत. मागचा भाग वळल्याचं चालकाला कळायच्या आत गाडी कडेला गेलेली असे. गार्लिट्सच्या गाडीचंही सुरुवातीला हेच झालं. त्याचे साथीदार टी. सी. लेमन्स, कॉनी स्विंगल आणि तो फ्लॉरिडात आठवडेच्या आठवडे डोकं फोडत बसले. एका क्षणी तो पुन्हा जुन्या पद्धतीची गाडी काढायला निघाला होता, तेव्हा बायको पॅटने त्याला माघार घेऊ दिली नाही. उत्तर निघालं ते हास्यास्पद वाटावं इतकं साधं होतं. स्टिअरिंग फार चपळ होतं. माणूस पुढे बसल्यावर वळण उशिरा जाणवतं, तो घाईने चाक फिरवतो आणि गरजेपेक्षा जास्त फिरवतो. स्विंगलने स्टिअरिंग मंद केलं आणि गाडी सुतासारखी सरळ गेली.

फेब्रुवारी १९७१मध्ये गार्लिट्सने त्या गाडीने पोमोनाची हिवाळी स्पर्धा जिंकली, मार्चमध्ये बेकर्सफील्डही. जुन्या गाड्यांनी जाताजाता एक टोला मात्र हाणला. त्या सप्टेंबरात इंडियानापोलिसच्या अंतिम फेरीत गार्लिट्ससमोर स्टीव्ह कार्बोनचा स्लिंगशॉट होता. रेषेवर आधी कोण जाणार यावर दोघेही अडून बसले. इंजिनं तापत होती, प्रेक्षक उभे राहून ओरडत होते. शेवटी गार्लिट्स आधी सरकला, त्याची चाकं घसरली आणि कार्बोन जिंकला. पण तो अपवाद होता. वर्ष-दीड वर्षात अव्वल वर्गात पुढे इंजिन असलेली गाडी दिसेनाशी झाली. कोणी सक्तीचा नियम केला म्हणून नव्हे. मागे बसून हरण्यापेक्षा पुढे बसून जिंकणं सगळ्यांना पटलं.

या बदलाचं मोल काय झालं? चालक वाचू लागले, हे आधी म्हटलं पाहिजे. समोर धूर-तेल नसल्याने दिसू लागलं, आणि वेगही वाढला. १९७३मध्ये शर्ली मल्डाउनीला टॉप फ्युएलचा, म्हणजे नायट्रोवरच्या त्या अव्वल वर्गाचा, परवाना मिळाला, तो मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांत गार्लिट्स होता. १९७७मध्ये ती राष्ट्रीय विजेती झाली, पुढे आणखी दोनदा. दुसरीकडे, खेळ महाग होत गेला. प्रुधोम आणि टॉम मॅकइवन यांनी १९७०मध्ये खेळण्यांच्या मॅटेल कंपनीचं प्रायोजकत्व मिळवलं, तेव्हापासून गाडीवरच्या जाहिरातीवाचून वर येणं कठीण झालं. बसच्या ब्लोअरवर आणि भंगारातल्या इंजिनावर देश जिंकणारी तीन पोरं पुन्हा दिसली नाहीत. गार्लिट्सचा पाय जिथे गेला ती लायन्सची पट्टी डिसेंबर १९७२मध्ये बंद झाली. धावपट्ट्यांच्या आसपास घरं आली होती आणि आवाजाच्या तक्रारीही.

स्लिंगशॉट पुरते गेले मात्र नाहीत. गार्लिट्सने १९८४मध्ये फ्लॉरिडात ओकालाला संग्रहालय उघडलं. १९९२पासून फमोसोला जुन्या लोकांचे मेळावे भरू लागले. गोदामांतून, शेतांतून सांगाडे शोधून काढले गेले आणि मूळचे चालक पुन्हा त्यांत बसले. बऱ्याच गाड्या फक्त ढकलून चालू करतात, ज्वाळा काढतात आणि बंद करतात. काही मात्र नव्याने, जुन्याच रचनेत बांधलेल्या असतात आणि खरोखर शर्यत लावतात.

२००८ साली न्यू जर्सीत स्कॉट कलिटा या चालकाच्या अपघाती मृत्यूनंतर एनएचआरएने आजच्या नायट्रो गाड्यांची शर्यत पाव मैलावरून हजार फुटांवर आणली. इंजिनामागे चालक बसवलेल्या त्या जुन्या पद्धतीच्या गाड्या फमोसोला आजही पूर्ण पाव मैल पळतात.